आधी ऑपरेशन, मग लाइट : त्वचेच्या कॅन्सरच्या उपचाराला पुण्यात पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

सासवडजवळ मामाची अंजिराची बाग आहे. वय ७१. डोक्यावर कायम पांढरी टोपी, पण टोपीची सावली कानशिलापर्यंत पोचत नाही. त्याच्या डाव्या कानापुढे एक चामखीळ आली आणि आठ महिने ती घरात चामखीळच म्हणवली गेली. आधी हळद लावली, मग मेडिकलमधून आणलेलं मलम, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा. खपली धरायची, पडायची, खाली ओलं लाल दिसायचं, पुन्हा खपली. उशीच्या अभ्र्यावर रोज रक्ताचा ठिपका पडायला लागला तेव्हा मामीने आईला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने आमच्या सिंहगड रोडच्या घरी.

पुढचे पाच महिने मी फाइल धरून बसणारी भाची होते. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या लोकांचे फोन यायला लागले, आणि प्रत्येकाला तेच सांगून झाल्यावर वाटलं की एकदा लिहूनच ठेवावं. सगळ्यात आधी एकच सांगते, कारण आमचं चुकलं ते तिथेच : ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही लागण्याची शक्यता असेल, तर दोन्हींची आखणी ऑपरेशनच्या आधी एका बैठकीत करून घ्या. आम्ही ऑपरेशन उरकलं आणि मग रेडिएशनचा विचार सुरू केला. तीन आठवडे फुकट गेले.

लाइट लागणार आहे का, हे आधी विचारा

रेडिएशनला ओपीडीत बसलेली माणसं ‘लाइट’ म्हणतात, कुणी ‘शेक’ म्हणतात. दोन्ही शब्द तिथल्या सगळ्यांना कळतात.

त्वचेचा कॅन्सर झाला म्हणजे लाइट लागतोच असं नाही. सुरुवात बायप्सीने होते. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, पाच-दहा मिनिटांचं काम. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी ठामपणे सांगितलं होतं. त्यावर विश्वास ठेवून थांबू नका. त्या तुकड्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही.

रिपोर्टात बहुतेक तीनपैकी एक नाव येतं. बेसल सेल सावकाश वाढतो, शरीरात सहसा पसरत नाही, पण आहे तिथे कुरतडत राहतो. आपल्या रंगाच्या कातडीत तो बऱ्याचदा काळा, चकचकीत दिसतो, म्हणून तीळ समजून सोडून दिला जातो. स्क्वेमस सेल म्हणजे मामाचा : न भरणारी, खपली धरणारी जखम. हा मानेच्या, काखेच्या किंवा जांघेच्या गाठींपर्यंत, म्हणजे लसीकाग्रंथींपर्यंत, जाऊ शकतो. उन्हाशिवायही होतो. वर्षानुवर्षं चिघळणारी जखम किंवा लहानपणी भाजल्याचा जुना व्रण, त्यातही उठतो. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये व्रणांमधल्या अशा जखमांचं वर्णन केलं, म्हणून तिला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. तेव्हा चुलीवर भाजलेल्या आजीच्या पायावरचा जुना डाग तीस वर्षांनी परत उघडला असेल, तर नुसतं ड्रेसिंग करत बसू नका. तिसरा मेलानोमा. तो आपल्याकडे बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली सापडतो. आपण तिथे बघतच नाही.

छोटा बेसल सेल भोवतालच्या चार मिलिमीटर चांगल्या कातडीसकट निघाला आणि कडा स्वच्छ आल्या, तर काम तिथेच संपतं. लाइटची गोष्ट निघते ती पुढच्या परिस्थितीत : कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या आणि आणखी कापायला जागा नाही, म्हणजे डोळ्याजवळ, नाकावर, कानावर, गाठ मोठी किंवा हाडापर्यंत गेलेली, आधी काढलेली पुन्हा आलेली, लसीकाग्रंथीत पोचलेली, विशेषतः तिचं कवच फोडून बाहेर आलेली, किंवा नसेच्या कडेने सरकलेली. या शेवटच्या प्रकाराला रिपोर्टात पेरिन्यूरल इन्व्हेजन म्हणतात. मामाला डॉक्टर कागदावर चित्र काढून ते समजावत होते. त्याने मध्येच थांबवलं. ‘हरळीसारखं आहे म्हणा की. वरून खुरपून काढली तरी मुळी बांधाखालून पळालेली असती.’ डॉक्टर म्हणाले, ‘बरोबर काका, आणि ती मुळी मला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून लाइट.’ आम्हाला तीन डॉक्टरांनी समजावलं होतं, पण मला नीट कळलं ते या वाक्यावर.

मेलानोमाचं गणित वेगळं आहे. तिथे मुख्य भर ऑपरेशनवर, जाडीप्रमाणे एक ते दोन सेंटिमीटर कड ठेवून. लसीकाग्रंथी काढल्यावर त्या जागी लाइट दिला तर तिथेच परत येण्याचं प्रमाण कमी होतं, पण त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. त्यामुळे तो निवडून दिला जातो. काही जणांना लाइट टाळतात : त्याच जागी आधी रेडिएशन झालेलं असेल, गरोदरपण असेल, झेरोडर्मा किंवा गॉर्लिनसारखा जन्मजात आजार असेल तर. तरुण माणसालाही शक्यतो देत नाहीत, कारण किरणांचे दुष्परिणाम वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढू शकतात. उलट ऑपरेशन झेपणार नाही अशा वृद्धांना कधी नुसता लाइटच देतात.

ऑपरेशनच्या आधीची कामं

सर्जनला सरळ विचारा : ‘रेडिएशनची शक्यता किती? लागलं तर कुठे, कुणाकडे? ऑपरेशनआधी त्यांना एकदा भेटू का?’ पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत कॅन्सरच्या डॉक्टरांची एकत्र बैठक होते, तिला ट्युमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डात ठेवा’ असं म्हणायला अजिबात लाजू नका. प्लास्टिक सर्जन जागा कशी झाकणार, मांडीची कातडी लावणार की शेजारची सरकवणार, हेही तिथेच ठरलेलं बरं. त्या नव्या कातडीलाच पुढे सहा आठवडे किरण सोसायचे असतात.

जखमेचा फोटो काढून ठेवा. शाळेची पट्टी शेजारी धरून, एक जवळून आणि एक अर्धा चेहरा दिसेल असा. लाइटवाले डॉक्टर तुम्हाला भेटतील तेव्हा गाठ निघून गेलेली असेल, वर नवी कातडी असेल, आणि मूळ जागा नेमकी कुठे होती हे त्यांना टाक्यांवरून ओळखावं लागेल. आमच्याकडे पट्टी लावलेला फोटो नव्हता. मामेभावाने ‘बघ ना हे काय झालंय’ म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक धूसर फोटो होता, आणि डॉक्टरांनी तो चक्क मोठा करून प्लॅनिंगला वापरला.

दुसरं मत घ्यायचं असेल तर ते आता घ्या. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, आणि सिंहगड एक्सप्रेसने किंवा डेक्कन क्वीनने दादरला उतरून एका दिवसात जाऊन येता येतं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. जाताना नुसता रिपोर्ट नको, बायप्सीच्या काचा आणि तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही न्या. ते तुमचे आहेत, लॅबकडे लेखी मागितले की मिळतात.

आमचं ऑपरेशन एप्रिलमध्ये ठरलं. मीठा बहार तोडणीला आला होता, आणि मामा म्हणाला, ‘एवढा माल उतरू दे, मग काय ते कापा.’ आई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ती फक्त म्हणाली, ‘दादा, बाग मी बघते.’ आणि खरंच पंधरा दिवस सासवडला जाऊन राहिली.

पैशाचं बोलणं आधीच

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही तिच्या पॅकेजांत येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचं, बाकी प्रक्रिया तो सांगतो. हेल्पलाइन १५५३८८. पण एक गोष्ट तुम्हीच खोदून विचारा : हे हॉस्पिटल योजनेत ऑपरेशनसाठी आहे की रेडिएशनसाठीही? एकीकडे ऑपरेशन योजनेत झालं आणि लाइटच्या वेळी ‘तो विभाग यात नाही’ असं ऐकून बाहेर पडलेलं कुटुंब मी बाकड्यावर शेजारी बसलेलं पाहिलं आहे. ऑपरेशनच्या आधीच मंजुरी घ्यावी लागते. नंतर भरलेलं बिल सहसा परत मिळत नाही.

धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशातून आली. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो निघायला लागणारे दिवस ऑपरेशनच्या तारखेआधी मोजून ठेवा. भेटायचं ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला, बिलिंगच्या खिडकीला नाही. खासगी विमा असेल तर रेडिएशन डे-केअरमध्ये मोडतं, २४ तास भरती राहावं लागत नाही. तरी सहा आठवड्यांच्या कोर्सची मंजुरी एकदम मागा.

ऑपरेशन, आणि रिपोर्टमधला एक शब्द

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, ते सर्जनचं काम. मामाचं साडेचार तास चाललं : कानापुढची गाठ, तिच्या खालच्या लाळग्रंथीचा भाग आणि मानेच्या काही गाठी काढल्या, वर मांडीची पातळ कातडी लावली. गंमत म्हणजे चेहऱ्यापेक्षा मांडीच जास्त दुखली. त्या बाजूची पापणी महिनाभर नीट मिटत नव्हती, त्यासाठी डोळ्यात थेंब आणि रात्री पट्टी. मानेच्या गाठी काढल्या असतील तर खांदा जड होतो. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम पहिल्या आठवड्यापासून करा, नाहीतर शर्ट घालायलाही कुणीतरी लागतं.

आठ-दहा दिवसांनी मोठा रिपोर्ट येतो. तो सर्जनकडून ओळ न् ओळ वाचून घ्या : कडा, खोली, नस, किती गाठी काढल्या आणि त्यातल्या किती पॉझिटिव्ह, कवच फुटलंय का. आम्हाला सांगितलं गेलं, ‘मार्जिन क्लिअर आहे,’ म्हणजे कडा स्वच्छ. आम्ही ‘क्लिअर’ ऐकलं आणि पेढे वाटले. चेहऱ्याचे टाके पाच-सात दिवसांतच निघाले होते, मामा सासवडला निघून गेला. त्याच कागदावर खाली दोन ओळी होत्या. नसेच्या कडेने सरकलेला, आणि एक गाठ पॉझिटिव्ह. डिस्चार्ज कार्डावर कोपऱ्यात ‘रेफर टु आरटी’ असं डॉक्टरी अक्षरात लिहिलं होतं. ते हॉस्पिटल कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही. आरटी म्हणजे रेडिओथेरपी, हे आम्हाला ना कुणी सांगितलं ना आम्ही विचारलं. तीन आठवड्यांनी ड्रेसिंग दाखवायला गेलो तेव्हा ज्युनिअर डॉक्टरने विचारलं, ‘लाइटचं सिम्युलेशन झालं का?’ म्हणजे लाइटआधीचा मास्क आणि स्कॅन. मामी माझ्याकडे बघत राहिली, मी कागदाकडे.

मधले सहा आठवडे

जखम भरली की साधारण चार ते सहा आठवड्यांत लाइट सुरू व्हावा, अशी डॉक्टरांची इच्छा असते. फार आधी दिला तर नवी कातडी सोलवटते, फार उशीर केला तर राहिलेल्या मुळीला पळायला वेळ मिळतो. आमचं साडेसात आठवड्यांवर गेलं. म्हणून हिशेब असा ठेवा : लाइटच्या डॉक्टरांची पहिली भेट ऑपरेशननंतर दुसऱ्याच आठवड्यात. जखम ओली असली तरी चालते, त्यांना फक्त बघायचं असतं. मास्क, स्कॅन, आखणी यात एक-दीड आठवडा जातो आणि मशीनवर जागा मिळायला कधी आणखी काही दिवस.

या काळात तीन कामं उरकायची.

पहिलं दात. कानापुढे, गालावर किंवा मानेला लाइट असेल तर जबडा किरणांच्या वाटेत येतो, आणि लाइट झालेल्या हाडातून पुढे दात काढला तर ती जखम कधी कधी भरतच नाही, हाड सडू शकतं. म्हणून काढायचे दात आताच काढा, आणि काढल्यापासून लाइट सुरू होईपर्यंत किमान दोन आठवडे मोकळे ठेवा. मामाचे दोन दात निघाले. दंतवैद्याला आधी सांगा की रेडिएशन होणार आहे. त्याशिवाय तो ‘बघू, सहा महिन्यांनी काढू’ म्हणेल.

दुसरं साखर. मधुमेह असेल तर जखम रेंगाळते. पोटरीवर, घोट्याजवळ ऑपरेशन झालेल्यांचं तर विशेष, तिथे रक्तपुरवठाच कमी असतो.

तिसरं तंबाखू. यावर मी भाषण देत नाही. मामाची चंची मामीने ट्रंकेत ठेवली आणि किल्ली आईकडे दिली. त्याने पहिले चार दिवस सगळ्यांशी भांडण काढलं, पाचव्या दिवसापासून बडीशेप खायला लागला. मशेरी लावणाऱ्या बायकांना कुणी विचारतच नाही, म्हणून इथे लिहिते : तीही तंबाखूच.

याच आठवड्यांत कुणीतरी केमोबद्दल विचारतं. स्क्वेमस सेलच्या जास्त जोखमीच्या रुग्णांत रेडिएशनबरोबर कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध देऊन बघितलेली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची मोठी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात केमोने जास्तीचा फायदा दिसला नाही. अलीकडे निवडक रुग्णांना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं, सुचवतात. ती फार महाग आहे, तेव्हा ‘आमच्या रिपोर्टात नेमकं काय आहे म्हणून ही लागते’ हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

मास्कचा दिवस

चेहऱ्याला किंवा मानेला लाइट असेल तर मास्क बनवतात, म्हणजे तीसही दिवस डोकं केसभरही हलू नये. जाळीचं प्लॅस्टिकचं पान गरम पाण्याच्या टबात बुडवलं की ते लुसलुशीत होतं. मग दोघं टेक्निशियन ते दोन्ही बाजूंनी धरून चेहऱ्यावर ओढतात आणि नाक, हनुवटी, कपाळ यांवर बोटांनी दाबत बसवतात. काचेपलीकडून मला ते थेट पुरणपोळी थापल्यासारखं दिसलं. काही मिनिटांत ते गार होऊन कडक होतं आणि टेबलाला खटके लावून बसतं. मामा नंतर म्हणाला, ‘गरम टॉवेल टाकल्यागत वाटतं, मग आवळतं. पण श्वास घेता येतो.’ कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी आधीच सांगावं. डोळ्यांची जागा कापून देतात, कधी सौम्य गोळी देतात. आणि मिशा-दाढी ज्या अवस्थेत मास्क केला त्याच अवस्थेत शेवटपर्यंत ठेवायच्या. मामाच्या झुपकेदार मिशा आदल्या रात्रीच छाटल्या, कारण टेक्निशियनने फोनवर तसं बजावलं होतं.

मास्कसकट सीटी स्कॅन होतो, त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट किरणांची वाट आखतात. छाती, पाठ, पाय असेल तर मास्कऐवजी कातडीवर खुणा करतात. त्या घासून काढू नका. आणखी एक गोष्ट दिसेल : जागेवर ठेवायचा जेलीसारखा चपटा तुकडा, बोलस. मोठ्या मशीनचे किरण कातडीच्या खाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर जास्त जोर धरतात, आणि आपला आजार तर वरच. बोलस ठेवला की तो जोर वर येतो. तुमच्या प्लॅनमध्ये बोलस असेल आणि एखाद्या दिवशी ठेवायचा राहिलेला दिसला, तर खुशाल विचारा.

तीस दिवस

मामाच्या कागदावर लिहिलं होतं : ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन. ग्रे हे किरणांच्या डोसचं माप, फ्रॅक्शन म्हणजे एक खेप. म्हणजे रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. कडा स्वच्छ नसतील तर ६६ पर्यंत जातात. खूप वय झालेल्यांना रोजचा डोस वाढवून चार आठवड्यांत, कधी त्याहूनही लवकर संपवतात. रोज आणणं जमणार नसेल तर हा पर्याय स्वतःहून विचारा. एका वेळेला आत दहा-पंधरा मिनिटं, त्यातले किरण दोन-तीन मिनिटांचे. दुखत नाही, भाजत नाही. खोलीत माणूस एकटा असतो पण बाहेर कॅमेऱ्यावर दिसतो आणि हाक ऐकू येते. मामाला एकच काळजी होती, नातवाला जवळ घ्यायचं की नाही. बाहेरून लाइट घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. पहिल्याच दिवशी घरी येऊन त्याने नातवाला खांद्यावर घेतलं, अर्थात उजव्या.

सासवडहून रोज दिवेघाट उतरून येणं-जाणं आम्ही दोन दिवस करून पाहिलं. हडपसरच्या गर्दीत त्याची कंबर गेली. म्हणून तो आमच्याकडे राहिला. नातेवाईक नसतील तर समाजसेवकाकडे धर्मशाळांची यादी असते. वेळ मागून घ्या : सकाळी आठचा स्लॉट मिळाला तर ऊनही नाही आणि ट्रॅफिकही नाही. पुणे स्टेशन, रुबी हॉल या भागातल्या हॉस्पिटलांना वनाजकडून मेट्रो सोयीची आहे, रिक्षाशी रोज घासाघीस नको. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ नंतर मोफत.

सुरुवातीलाच भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसा. पालखी पुण्यातून दिवेघाटाकडे निघते तो दिवस, अनंत चतुर्दशी, असे रस्ते बंद असणारे दिवस आधी टेक्निशियनला दाखवा. लाइटमध्ये खाडे चालत नाहीत. मध्ये मोकळे दिवस गेले की उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली तर ‘हा दिवस कसा भरून काढणार?’ असं विचारा. शनिवारी बोलावतात, किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा देतात. आमच्या वेळी पालखीच्या दिवशी पहाटे साडेसहाला जाऊन लाइट घेतला. परतताना मामाने एका चौकात रिक्षा थांबवली, टोपी काढली आणि दिंडीकडे बघत पाच मिनिटं उभा राहिला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो सासवडला पालखीच्या स्वागताला नव्हता.

कातडीचं बघायचं ते

पहिले दोन आठवडे काहीच होत नाही आणि घरातले म्हणतात, लागू पडतंय ना? तिसऱ्या आठवड्यापासून जागा लाल, मग काळवंडलेली, कोरडी, खाजरी. शेवटी-शेवटी पापुद्रे, कधी ओलसर सोलवटणं. सगळ्यात वाईट अवस्था लाइट संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत येते, हे आधी माहीत असू द्या, नाहीतर ‘संपलं तरी वाढतंय’ म्हणून घाबराल. पुढच्या तीन-चार आठवड्यांत भरून येतं. लाइटच्या पट्ट्यातले केस जातात. मामाच्या डाव्या कानापुढचा कल्ला कायमचा गेला.

कोमट पाण्याने हलकं धुवायचं, टिपून घ्यायचं, घासायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम सोडून काहीही नको. हळद नाही, कोरफडीचा घरचा गर नाही, टाल्कम पावडर नाही, जेजुरीहून आलेला भंडारा कपाळाला लावा, त्या जागेला नको. मलमाचा जाड थर लावून मशीनवर झोपू नका. वस्तरा बंद. चिकटपट्टी थेट त्या कातडीवर नको. कॉलर कडक असेल तर मऊ सदरा. आणि टू-व्हीलरवर मागे बसवणार असाल तर हेल्मेटची आतली पट्टी कानशिलावर नेमकी तिथेच घासते. आम्ही दुसऱ्या आठवड्यातच स्कूटर बंद केली.

लाळग्रंथीजवळ लाइट असल्याने तोंड कोरडं पडलं, गालाच्या आत थोडं सोललं. मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून पाच-सहा वेळा. तिखट पूर्ण बंद. ज्वारीची पेज, मऊ खिचडी, मुगाचं वरण, अंडं, ताक. दर आठवड्याला वजन करा. ताप आला, पू दिसला किंवा खाणंच थांबलं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच दिवशी सांगा.

संपल्यावर

तिसाव्या दिवशी मामाने टेक्निशियनकडे मास्क मागितला. नाहीतरी तो टाकूनच देतात. आता तो बागेतल्या बुजगावण्याच्या तोंडावर आहे, वर जुनी टोपी. मामी म्हणते, पाखरांपेक्षा पाहुणेच जास्त दचकतात.

उपचार संपल्याचा कागद, म्हणजे किती ग्रे, किती दिवस, कुठल्या जागेला, तो मागून घ्या आणि जपून ठेवा. दहा वर्षांनी त्याच भागाला काही झालं तर नवीन डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील. दात काढायची वेळ आली तर दंतवैद्यालाही दाखवा. त्या जागेची कातडी पातळ, थोडी ताठ आणि वेगळ्या रंगाची राहते, बारीक लाल रेषा दिसू शकतात. तो आजार नव्हे. मात्र नवी गाठ, न भरणारी जखम, त्या बाजूला मुंग्या येणं किंवा चेहरा बधिर वाटणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. परत येणारे आजार बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतात, म्हणून दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी डॉक्टर मान चाचपतात आणि उरलेली सगळी कातडी बघतात, कारण ज्या उन्हाने एकीकडे केलं त्याने दुसरीकडेही केलेलं असू शकतं. शर्ट काढायला सांगितला नाही तर तुम्हीच म्हणा.

ऊन कायमचं जपायचं. पुण्यातल्या पोरी स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात त्याला मामा हसायचा. आता स्वतः टोपीखालून सुती उपरणं कानांवर घेऊन बांधतो. बागेतलं काम अकराच्या आत आणि चारनंतर. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, ते मामीने दुधाच्या पिशवीशेजारी फ्रीजच्या दारात ठेवलंय, म्हणजे सकाळी दिसतं.

पुढची तपासणी एप्रिलमध्ये आहे. मामाने कालच फोन केला होता, माल उतरेपर्यंत तारीख पुढे ढकलता येईल का म्हणून. मी नाही म्हटलं.